डेरेकचे पंधरा किलो

आधीच सांगून टाकतो, फुटबॉल मला कुणी शिकवू नये. मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की आई मीठमोहऱ्या ओवाळते आणि बाप बघतो, पोराचा डावा पाय जोरात आहे का उजवा. तालमीत खाली लाल मातीत पैलवान घुमायचे आणि वर माळ्यावर फुटबॉलवाल्यांचे बूट टांगलेले असायचे. वस्ताद एकच, मारुती एकच आणि खुराकही एकच. मी सात वर्षं तालमीकडनं हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळलो, नडगी मोडली तेव्हा थांबलो. एवढं सगळं माहीत असूनही एका गोऱ्या पोराचं मी कसं वाटोळं करायला निघालो होतो, ते ऐका.

शहात्तर साली मी बहारीनला आलो तो रंगाऱ्याच्या व्हिसावर. मुहर्रकमधल्या एका क्लबाच्या भिंती रंगवता रंगवता तिथंच चिकटलो. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, बॉलात हवा भरायची, बूट शिवायचे, पोरांच्या पोटऱ्या चोळायच्या, सगळं माझ्याकडं, म्हणजे ह्या गुंडूकडं. मैदान म्हणजे नुसती वाळू, औषधाला गवताची काडी नाही. कोचचं नाव जासिम, पण त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. सकाळी तो सरकारी ऑफिसात फायली हलवायचा आणि चारनंतर येऊन आमच्यावर ओरडायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंड फाटकं.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात क्लबानं इंग्लंडहून एक खेळाडू आणला. डेरेक थॉर्नली, वय वीस. त्याला आणायला एअरपोर्टवर मीच गेलो होतो. तो बाहेर आला तेव्हा मला वाटलं, खेळाडू मागनं येतोय, हा त्याची बॅग घेऊन पुढं आलाय. एकसष्ट किलोचं पोरगं, मानेची शीर न शीर दिसायची. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात बॉल आला आणि मी हातातला चुन्याचा डबा खाली ठेवला. उजव्या कडेनं तो असा सुटला की आमचे बॅक नुसते मान वळवून बघत राहिले. त्या वाळूत असं पळणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आमची दोस्ती झाली ती मालिशच्या फळीवर. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी, मधेच अरबी, असं आमचं बोलणं चालायचं आणि सगळं कळायचं. एक दिवस पोटरी चोळता चोळता त्यानं आपली कहाणी सांगितली. तिकडं उत्तरेकडच्या एका क्लबात तो सोळाव्या वर्षापासून होता, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. मोठ्या टीमकडनं अकरा मॅच खेळला आणि अकराही मॅचमध्ये समोरच्यांनी खांदे मारून त्याला रेषेबाहेर फेकला. मग मॅनेजरनं, म्हणजे हॅलमसाहेबानं, ऑफिसात बोलावून सांगितलं, पोरा, तू पळतोस झकास, पण फुंकर मारली तरी पडतोस. आणि सोडून दिला.

आता त्याच हॅलमचं पत्र आलं होतं. फेब्रुवारीत तो आपली टीम घेऊन दहा दिवस उन्हं खायला बहारीनला येणार होता आणि एक मॅच आमच्याशी खेळणार होता. खाली डेरेकसाठी एक ओळ होती: अंगावर मांस चढवून दाखव, मग बघू. नाही घेतलं तर सीझन संपला की डेरेक चुलत्याच्या वीटभट्टीवर कामाला. फुटबॉल खलास.

"मला दुसरं काही येत नाही रे गुंडू," तो म्हणाला आणि फळीवर तोंड खाली करून पडून राहिला.

 मला राग आला त्या हॅलमचा. म्हटलं, मांस चढवायचं एवढंच ना? मग हे काम कोल्हापूरकराला सांगायचं सोडून पोरगं एवढे दिवस झुरत कशाला बसलं?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला माझ्या खोलीवर बोलावलं. मी तेव्हा अरादला एका खोलीत राहायचो, सोबत महादेव. महादेव चिपळूणचा, एका शेठची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करायचा. मी डेरेकला लंगोट नेसवला. लाजला, पण नेसला. पन्नास जोर आणि शंभर बैठकांनी सुरुवात केली. मग बदाम. रात्रभर भिजवलेले, सोलून, खसखस घालून वाटलेले, त्याची थंडाई. शेजारी हलिमाबाईच्या तीन गाई होत्या, तिच्याकडनं धार काढल्या काढल्या दोन शेर दूध. दुपारी मटण, सोबत पांढरा रस्सा, वरनं तुपाची धार. आणि जेवण झालं की झोप. पैलवानाला झोप म्हणजे निम्मा खुराक. आमचे वस्ताद म्हणायचे, खाल्लेलं अंगाला लागायचं असेल तर अंग हलवू नका.

पहिला आठवडाभर त्याला पाय दुखून जिन्यानं उतरता येत नव्हतं. तांबडा रस्सा एकदाच दिला, तर तो उठून मोरीवर गेला आणि तोंडाला नळ लावून उभा राहिला. त्यानंतर पांढराच. महिन्याभरात मात्र पठ्ठ्या रुळला. वाटी पुढं करून "आणखी" म्हणायला शिकला. "बास" हा शब्द मी त्याला शिकवलाच नाही.

महादेव बघायचा आणि मान हलवायचा. "गुंड्या, ह्याला मासळी दे जरा, हलकं खाऊ दे. तू काय बेंदराचा बैल तयार करतोयस? शिंगं रंगवायची तेवढी राहिलीत."

"तू गप्प बस. मासळी खाऊन तुम्ही कोकणातल्यांनी कुठली गदा आणली?"

"आणि गदा घेऊन तो उजव्या कडेनं पळणार काय?"

मी कानाआड केलं. ऐकायला पाहिजे होतं, आता वाटतं. दर शुक्रवारी मी डेरेकला मनामाच्या बाजारात खजुराच्या वखारीतल्या काट्यावर उभा करायचो. चौसष्ट. अडुसष्ट. नाताळला एकाहत्तर. वखारवाला वजनं चढवायचा आणि "माशाल्ला" म्हणायचा. डेरेकची मान भरली, छाती सुटली, शर्टाची बटणं लागेनात. जानेवारीत काटा शहात्तरवर थांबला. पंधरा किलो! मी बाजारात सगळ्यांना खजूर वाटला.

कॅप्टनला ह्यातलं काही माहीत नव्हतं. डेरेक जरा बाळसं धरतोय, इंग्लिश पोराला हवा मानवली, एवढंच त्याला वाटायचं. डिसेंबरभर डेरेकचा घोटा मुरगळलेला असल्यानं तो मॅच खेळलाच नव्हता. घोटा बरा झाला आणि जानेवारीत तो पहिल्यांदा लीगच्या मॅचला उतरला.

समोरचा बॅक चाळीशीचा होता. सकाळी मासळीबाजारात मासे विकायचा, दाढीत पांढरे केस. दहाव्या मिनिटाला डेरेकला उजव्या कडेला मोकळा बॉल मिळाला. समोर नुसतं रान. मी रेषेबाहेर उभा राहून हात चोळत होतो, म्हटलं, आता बघा. डेरेक निघाला. मासेवाला त्याच्या मागं दहा पावलं होता. मग पाच. मग बरोबरीला आला, बॉल काढून घेतला आणि वर डेरेकच्या पाठीवर थाप मारून गेला. तसंच दुसऱ्यांदा झालं, तसंच तिसऱ्यांदा. पब्लिक हसायला लागलं. अर्ध्या वेळेला कॅप्टननं त्याला बाहेर काढला.

मॅचनंतर कॅप्टननं मला धरलं. "ए गुंडू, ह्या पोराला काय झालं? ह्याचे पाय कुणी नेले?"

मी सगळं सांगितलं. थंडाई, तूप, दुपारची झोप, सगळं. कॅप्टन पहिल्यांदाच ओरडला नाही. डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "वल्ला, तू त्याला कुस्तीसाठी तयार केलास. इथं कुस्ती मफी, कुस्ती नाही."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्या तालमीतले फुटबॉलवाले पैलवानांच्या ताटात जेवायचे, हे खरं. पण जेवून झोपायचे पैलवान. फुटबॉलवाली पोरं जेवण झालं की सायकलीला कॅन लावून गावभर दूध घालायला जायची, कुणी गुऱ्हाळावर मोळ्या वाहायचा. मी ताट तेवढं लक्षात ठेवलं होतं आणि सायकल विसरलो होतो.

डेरेक खोलीवर कॉटच्या कडेला बसला होता. मी म्हटलं, "मला शिव्या दे." तो म्हणाला, "मीच आणखी मागत होतो की." त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. महादेवनं गुपचूप चहा टाकला. एरवी असल्या वेळी तो मला सोलून काढतो, पण त्या दिवशी माझ्या कपात साखर दोन चमचे जास्त घातली.

तीन आठवडे हातात होते. अरादच्या किनाऱ्यावर मी त्याला कंबरेला टायर बांधून पळवला. खुराक बंद, झोप बंद, मासळीचं पातळ कालवण महादेवच्या हातचं. वजन उतरलं फक्त दोन किलो. आमच्या तालमीचं मांस आहे ते, असं सांगून जात नाही. पळण्यात तसूभर फरक पडला. तेवढ्यानं हॅलम फसणार नव्हता.

मॅचच्या चार दिवस आधी आमच्या स्टॉपरला गालगुंड झालं. स्टॉपर म्हणजे बॅकलाइनच्या मधोमध, गोलीच्या पुढं उभा राहणारा गडी. इंग्लिश टीमचा सेंटर फॉरवर्ड सव्वासहा फूट उंच, आणि आमच्याकडं त्याच्यासमोर उभा करायला माणूस नाही. कॅप्टन डोकं धरून बसला. मी हळूच म्हटलं, "कॅप्टन, डेरेकला उभा करा." 

"तो विंगर आहे, कडेनं पळणारा."

"तो होता. आता त्याला एकदा धक्का मारून बघा."

कॅप्टननं प्रॅक्टिसमध्ये दोन आडदांड पोरांना त्याच्या अंगावर सोडलं. दोघंही वाळूत बसले. डेरेक जागचा हलला नव्हता. बैठकांनी त्याच्या मांड्या खांबासारख्या झाल्या होत्या. कॅप्टन म्हणाला, "यल्ला, हाच."

पण डेरेक तयार होईना. हॅलम विंगर बघायला येतोय, मी मागं उभा राहून काय दाखवू, असं त्याचं म्हणणं. लहानपणापासून गोल मारायचंच स्वप्न बघितलेलं पोरगं ते. दोन दिवस समजावला, तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी त्याला मराठीतच झापला. म्हटलं, "आखाड्यात उतरल्यावर जोड मागून मिळत नाही गड्या. समोर येईल त्याला धरायचं. पळायला गेलास तर पुन्हा तो मासेवाला तुला हसेल. तुझ्या अंगात आज जे आहे ते दाखव, काल होतं ते राहू दे घरी." त्याला एक अक्षर कळलं नसेल. पण रागावलेल्या माणसाचं मन कुठं आहे ते कुठल्याही भाषेत कळतं. तो बूट घालून मैदानात गेला.

मॅचला अर्धं मुहर्रक लोटलं होतं. हॅलमसाहेब माझ्यापासनं वीस पावलांवर बाकावर बसलेला, नाक उन्हानं लाल झालेलं. सुरुवातीलाच त्यानं उजव्या कडेला बघितलं, डेरेक दिसला नाही, मग मागं बघितलं आणि शेजारच्याला काहीतरी विचारलं.

पहिला उंच बॉल आला. तो सव्वासहा फुटी गडी धावत आला आणि त्यानं डेरेकला खांदा मारला. अकरा मॅचमध्ये ज्या खांद्यानं त्याला बाहेर फेकलं होतं, तसाच खांदा. डेरेकनं गुडघे वाकवले, पाय रोवले आणि तो गडी त्याच्यावर आपटून पाठीवर पडला. डेरेकनं डोक्यानं बॉल काढला. मग बुचकळ्यात पडल्यासारखा स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. महादेव माझ्या कानात म्हणाला, "गुंड्या, बैल उभा राहिला रे." आणि त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ राहिले.

नव्वद मिनिटं तो गडी डेरेकला हलवायला बघत होता. समोरनं, बाजूनं, कोपरानं. एकदा कोपर ओठावर बसलं, रक्त आलं, पट्टी लावायला मी त्याला बाहेर घेतला. त्या दोन मिनिटांत त्यांनी गोल केला. डेरेक आत असताना एकही नाही. आम्ही एक-शून्य हरलो आणि लोक जिंकल्यासारखे घरी गेले.

हॅलमसाहेब चालत आमच्याकडं आला. त्यानं डेरेकच्या दंडाला हात लावला, मांडीवर हलकी लाथ मारून बघितली, बाजारात जनावर बघतात तशी. मग म्हणाला, "विंगर माझ्याकडं तीन आहेत. न हलणारा माणूस एकही नाही. जूनमध्ये ये. पण एक सांगतो, पुढं जायचं नाही. मधली रेषा ओलांडलीस तर पुन्हा बाहेर."

डेरेकनं होकार दिला नाही. उद्या सांगतो म्हणाला. हॅलम भुवया वर करून गेला.

आम्ही तिथंच वाळूवर बसलो. डेरेक ओठावरची पट्टी चाचपत होता. "गुंडू, मला गोल मारायचे होते," तो म्हणाला. "लोकांनी माझं नाव घेऊन ओरडावं असं वाटायचं. मागं उभ्या असलेल्याचं नाव कोण घेतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो. म्हटलं, "कोणी नाही घेत. मी सात वर्षं हाफला खेळलो, माझं नाव माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा घेतलं नाही. पण रोज बूट घालायला मिळायचे. तुला बूट पाहिजेत का नाव?"

 तो उठला, पॅंट झटकली आणि हॅलमच्या हॉटेलचा रस्ता विचारला. उद्यापर्यंतसुद्धा थांबला नाही.

जूनमध्ये तो गेला. विमानतळावर त्याला मी भिजवलेल्या बदामांची पुडी देऊ लागलो, तर कॅप्टननं ती माझ्या हातातनं काढून स्वतःच्या खिशात टाकली.

ह्याला आता दहा वर्षं होत आली. डेरेक नऊ वर्षं खेळला, दोन क्लबांकडनं, मग गुडघा गेला. आता तिकडं शाळेतल्या पोरांना शिकवतो. दर नाताळला कार्ड येतं. नऊ वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आठला मी आणि महादेव ट्रान्झिस्टर लावून लंडनचे निकाल ऐकायचो. आधी आकडे, मग मोठ्या मॅचची थोडी हकिकत. कुणी गोल मारला त्याचं नाव यायचं. ज्यानं मारू दिला नाही त्याचं कसं येईल? मीच त्याला पंधरा किलो चढवले होते, मीच त्याला मागं उभा केला होता. नाव ऐकायची हौस मलाच भारी, आणि ते कधी यायचं नाही अशी सोय मीच करून ठेवलेली.

एकदाच आलं. एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये. त्यांची मॅच एका बड्या क्लबाशी होती आणि रेडिओवाला स्पष्ट म्हणाला, गोल, थॉर्नली. मी उडालो. खाली जाऊन हलव्याचा डबा आणला, हलिमाबाईकडं दिला, शेजारी वाटला, कॅप्टनला फोन केला. परत आलो तर महादेव गालात हसत बसलेला. म्हणाला, "गुंड्या, नीट ऐकलंस का? त्यानं तो स्वतःच्याच जाळीत मारलाय." मी म्हटलं, मारू दे. नाव तर घेतलं ना? हलवा मी परत मागितला नाही.

पण खरं सांगू? त्याचं नाव मला दर दोनचार शनिवारी ऐकू यायचं, ते महादेवला समजायचं नाही. निवेदक त्यांच्या क्लबाचं नाव घ्यायचा, पुढं आकडा. एक, दोन, काही असो, तो दुसऱ्यांचा, पुढं पळणाऱ्यांचा. मी श्वास धरून बसायचो. मग समोरच्या टीमचं नाव यायचं आणि त्याच्यापुढं शून्य. ते शून्य माझ्या पोराचं. ते ऐकलं की मी रेडिओ बंद करायचो आणि महादेवला म्हणायचो, "वाढ आता, भूक लागली."